मधली खुर्ची

प्रिय लता,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला ठेवशील, ही भीती मनात धरूनच लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेसेज लिहायला घेतला की चार ओळींत मी स्वतःचीच बाजू मांडायला लागते आणि मग तो पुसून टाकते. कागदावर निदान खोडाखोड दिसते. ती दिसली तरी चालेल.

इकडचं काय सांगू. हॅमिल्टनला थंडी सुरू झाली. सकाळी नदीवरचं धुकं बराच वेळ हलत नाही. तुम्ही सोडलेल्या घरात आता एक फिलिपिनो कुटुंब आलंय. कुंपणाशी तू लावलेली मेथी त्यांनी तण समजून उपटली. मागच्या फिजोआच्या झाडाखाली यंदाही फळांचा खच पडला होता. मी त्यांना विचारून पिशवीभर आणली आणि तुझ्यासारखं लोणचं घालून पाहिलं, पण जमलं नाही, टाकून द्यावं लागलं. यंदाची चौदा एप्रिलची जयंती फेअरफिल्डच्या हॉलमध्ये झाली. माईक मध्येच बंद पडला तेव्हा शशिकांतदादा सवयीनं म्हणाले, "सुखदेवला हाक मारा रे." भाऊ आता इथं नाहीत हे त्यांना बोलून गेल्यावर आठवलं. मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, पण बघितलं नाही हेच मला फार जाणवलं. जेवायला न थांबता निघाले.

कारखान्यात मी अजून जाते. लाज वाटते, पण जाते. 'ते रापा'मधल्या आपल्या कारखान्याच्या गेटवरची 'सेबोम न्यूट्रिशन' ही पाटी उतरवली. भाऊ ज्या डबे भरायच्या लाइनला 'म्हातारी' म्हणायचे, ती सुटी करून लाकडी खोक्यांत भरली आहे, आता व्हिएतनामला चालली. खोलणारी माणसं कोरियातून आली, फोर्कलिफ्टवाले इथले आणि मध्ये मी. 'हे आडवं ठेवू नका, हे आधी उचला', एवढंच दिवसभर या भाषेतून त्या भाषेत. भाऊंनी प्रत्येक जोडाशी पेंटनं खुणा करून ठेवल्या होत्या. त्यामुळं लाइन सोडवायला काहीच त्रास पडला नाही, असं कोरियन फोरमन मला कौतुकानं म्हणाला. ते मी कुणाला सांगणार? कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुला सांगते.

रांजणगावची एक गोष्ट भाऊंनी तुला सांगितली होती का, आठवत नाही. सेबोमच्याच वॉशिंग मशीनच्या प्लँटवर मी दुभाषी म्हणून नवी होते. पुण्यात माझ्या वर्गातल्या मुली जर्मन शिकत होत्या आणि मी कोरियन शिकले, तेव्हा लोक हसायचे. एकदा लाइन बंद पडली. कोरियन साहेब भाऊंच्या तोंडासमोर उभा राहून बराच वेळ ओरडला. मी भाऊंना मराठीत एवढंच सांगितलं की बेअरिंग का गेलं ते विचारतायत आणि संध्याकाळपर्यंत लाइन चालू हवी. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, ते एवढं ओरडले आणि तुम्ही दोनच वाक्यं सांगितली?" मी म्हटलं, "उरलेलं कामाचं नव्हतं." ते हसले. त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची ताई झाले. आणि त्या दिवसापासूनच, लता, त्यांनी धरून चाललं की मी जे गाळते ते त्यांच्या भल्यासाठी गाळते. इतकी वर्षं ते खरंही होतं.

पुढं सेबोमनं इथला दूध पावडरचा कारखाना विकत घेतला, मला इकडं पाठवलं, आणि मेंटेनन्ससाठी भरवशाचा माणूस कोण, असं इथले कोरियन प्लँटप्रमुख बेसाहेबांनी विचारलं तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता भाऊंचं नाव सांगितलं. नागपूर सोडायला तू तयार नव्हतीस. तुझी शाळेतली नोकरी पक्की होती. तासभर फोनवर तुझी समजूत मीच घातली होती. ऑकलंडला विमानतळावर तू उतरलीस तेव्हा आरुषी तुझ्या खांद्यावर झोपली होती आणि तू पहिलं वाक्य बोललीस ते, "नीलू, इथं कोणीच नाही वं आपलं." मी म्हटलं, मी आहे ना.

कंपनीची ती गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. नवीन माणसं रुजू झाली की मी ती सांगायचे, रांजणगावला मराठीत, इथं इंग्रजीत. कोरियातलं युद्ध नुकतंच थांबलेलं, मासान नावाचं बंदर, गळक्या गोदामात शेवया करायचं हातानं फिरवायचं एक यंत्र, आणि ते फिरवणारा तरुण योम दे-सिक. बांबूवर वाळत घातलेल्या शेवया वादळात भिजल्या. त्यानं त्या फेकल्या नाहीत, मोठ्या कढईत शिजवून कामगारांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढल्या आणि म्हणाला, आजपासून आपण एक कुटुंब. दुसऱ्या दिवशी तीच माणसं गोदामावर नवं छप्पर घालायला आली. आरुषीनं शाळेत यावर भाषण केलं होतं. तिनं ते आधी मला म्हणून दाखवलं आणि मी मराठीत शाबासकी दिली तर म्हणाली, "It's a good story, Neelu maushi, is it true?" मी म्हटलं, अगदी खरी.

त्यापुढची गोष्ट मात्र कुणी मला सांगायला लावली नाही. ती मी मीटिंगांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. शेवयांना पीठ लागतं म्हणून गिरणी, पिठाला पोती लागतात म्हणून पोत्यांचा कारखाना, पोत्यांवरून कापड, कापडावरून रंग, रंगांवरून रसायनं. सरकारला निर्यात हवी होती आणि बँकांना सरकारचा नुसता इशारा पुरायचा. मग आखातात रस्ते बांधले, जहाजं बांधली, टीव्ही केले. एकेका कंपनीवर भाऊ, मेहुणा, जावई. हिचे शेअर तिच्याकडं, तिचे तिसरीकडं, असं फिरत फिरत सगळं पुन्हा एका घराच्या मुठीत. सत्त्याण्णवच्या पडझडीत दोन कंपन्या बुडाल्या, हजारो माणसं घरी बसली, घर मात्र शाबूत राहिलं. म्हाताऱ्या योमच्या मागं तीन मुलांत वाटण्या झाल्या. खाद्यपदार्थ आणि घरगुती यंत्रं मधल्याकडं आली. आता त्याच्या मुलाची पाळी आहे. हा नातू अमेरिकेत शिकून आला. त्याच्या स्वतःच्या नावावर एक लहानशी कंपनी आहे. वडिलांचे शेअर घ्यायचे तर कोरियात वारसाकर भयंकर, म्हणून आधी ती लहान कंपनी मोठी करायची आणि तिच्या बळावर बाकीचं हातात घ्यायचं. मोठी करायची म्हणजे चालता धंदा उचलून तिच्यात टाकायचा. तो धंदा म्हणजे आपली दूध पावडर. नातवाच्या कंपनीची जागा व्हिएतनाममध्ये आहे, म्हणून 'ते रापा'चा कारखाना बंद. इथला कारखाना तोट्यात नव्हता, लता. मागणी घटली, खर्च वाढला असं जे तुम्हाला सांगितलं, ते मीच सांगितलं, माझ्या तोंडानं. ते त्यांचं कारण नव्हतं.

हे ठरलेलं सांगायला गेल्या हिवाळ्यात सोलहून एक गृहस्थ आले. खोलीत ते, बेसाहेब, आपली एचआरची ट्रेसी आणि मधल्या खुर्चीवर मी. ती खुर्ची नेहमी मधलीच असते. सोलच्या गृहस्थांनी सांगितलं की हा 'इल्गा'चा निर्णय आहे. कोरियनमध्ये घराला दोन शब्द आहेत. शेवयांच्या गोष्टीतला शब्द 'गाजोक', म्हणजे घरातली माणसं. 'इल्गा' म्हणजे एका आडनावाचं घराणं, आपल्याकडची भावकी म्हण. ट्रेसीला मी दोन्हीसाठी 'फॅमिली' म्हटलं. तिनं मान डोलावली. मग ते म्हणाले, इथल्या कायद्याप्रमाणं कामगारांशी आधी सल्लामसलत करावी लागते, तर ती रीतसर करा, प्रस्ताव म्हणून मांडा, सूचना मागवा. निर्णय झालेला आहे, तो बदलणार नाही. शब्दाला शब्द ठेवून मी ते इंग्रजीत सांगितलं. ट्रेसीचा चेहरा उतरला.

उठताना गुप्ततेच्या कागदावर सही करायची होती. बेसाहेब पेन पुढं करत म्हणाले की कोरियाबाहेरच्या कुणाला आम्ही या खोलीत बसवत नाही, तुम्ही आमच्या घरच्या आहात. लता, मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं. इतकी वर्षं दोन माणसांच्या मध्ये बसून बोलत आले. बोलताना दोघंही माझ्या डोक्यावरून एकमेकांकडं बघतात. त्या दिवशी कुणीतरी माझ्याकडं बघून बोललं. तुमच्या पोटावर पाय येणार आहे हे त्याच खोलीत कळलं होतं, आणि तरी मला बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी तुझ्याकडं जेवायला आले. तू पाटोडी रस्सा केला होतास. भाऊ ताट घेऊन डेकवर माझ्याशेजारी येऊन बसले. तू आत होतीस, म्हणून त्यांचे नेमके शब्द तुला ठाऊक नसतील. ते म्हणाले, "ताई, तौरांगाच्या पॅकेजिंग कंपनीचं पत्र आलंय. उद्या हो-नाही कळवायचं आहे. पगार जरा कमी आहे, पण माणसं बरी वाटली. तुम्ही वर बसता. इथं काही गडबड असली तर बोलू नका, नुसती मान हलवा. मी पुढं विचारणार नाही." इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. मान हलवायला कुठल्या कागदाची आडकाठी होती? मी म्हणाले, "कंपनी कुठं जात नाही, भाऊ. वाढतेच आहे." खोटंही नव्हतं ते. कंपनी वाढतच होती. भाऊ म्हणाले, "मग झालं. आरुषीची शाळा मोडायला नको." तू रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आलीस, मला आणखी वाढलंस आणि मी जेवले.

ती सही आडवी आली, असं मी कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. पण मला त्या क्षणी सहीची आठवणसुद्धा झाली नव्हती. मला फक्त पुन्हा त्या खोलीत बसवलं जाईल की नाही, हे डोक्यात होतं.

कँटीनमध्ये 'प्रस्ताव' वाचून दाखवला त्या दिवशी भाऊ तिसऱ्या रांगेत होते. ते बेसाहेबांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. बेअरिंग गेलं होतं त्या दिवसासारखेच. मी काहीतरी गाळते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि जे गाळते ते कामाचं नसणार असं ते समजत होते. त्यांनी उभं राहून विचारलं, "आम्ही काही सुचवलं तर फरक पडेल का?" बेसाहेब बराच वेळ बोलले. मी सांगितलं, प्रत्येक सूचनेचा विचार होईल. त्यावर विश्वास ठेवून भाऊंनी आणि त्यांच्या चार सोबत्यांनी आठवडे घालवून तो खर्च वाचवायचा आराखडा केला. तू कामावरून आल्यावर लॅपटॉपवर तो टाइप करायचीस, एका इंग्रजी शब्दासाठी मला फोनही केला होतास. मी शब्द सांगितला. नंतर त्या सगळ्या आराखड्याचं मी कोरियन केलं. बेसाहेबांनी वाचला, "चांगलं डोकं आहे या माणसाचं," म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या शब्दासाठी तुझा फोन आला तेव्हा तरी सांगता आलं असतं. तो माझ्यासमोर आलेला दुसरा मोका होता, आणि मी तुला स्पेलिंग सांगत बसले.

नोकरी गेली आणि तिच्यावर उभा असलेला रेसिडेन्सीचा अर्जही पडला. तौरांगाची जागा भरून गेली होती. तुमच्या दारात मी आले तेव्हा तू खोकी बांधत होतीस. तू विचारलंस, "तुला माहीत होतं का वं?" मी खाली दारातल्या आरुषीच्या रबरी चपलांकडं बघत राहिले. तू म्हणालीस, "भेटलं मला उत्तर." दार आपटलं नाहीस, हळूच लावून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

तुमची खबर मृदुलावहिनींकडून कळते. ऑकलंडच्या न्यू लिनला भाऊंच्या चुलतभावाच्या घरात दोन खोल्यांत राहता, भाऊ बेकरीत मशीन सांभाळतात, तू म्हाताऱ्यांच्या होममध्ये स्वयंपाकघरात लागलीस, रेसिडेन्सीचं पुन्हा पहिल्यापासून. आरुषीला नवी शाळा आवडत नाही, हेही कळलं. मला सोलहून बोलावणं आलंय. समूहाच्या इतिहासाचं मोठं दालन उभं राहतंय, तिथं परदेशी पाहुण्यांना गोष्ट सांगायला माणूस हवा आहे. पगार ऐकून शशिकांतदादांनी डोळे मोठे केले. मी नाही म्हणून कळवलं. त्याचं मोठेपण नको देऊस. ती गोष्ट सांगायला तोंड उघडत नाही, इतकंच.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गेल्या आठवड्यात युनियनची हिनेमोआ जेवणाच्या सुट्टीत गेटवर आली. "किया ओरा, नीलांबरी, पाच मिनिटं आहेत?" म्हणाली. आम्ही तिच्या गाडीत बसलो. मंगळवारी हॅमिल्टनला आपल्या कामगारांच्या दाव्याची सुनावणी आहे, हे तुला माहीत आहेच. ती म्हणाली, निर्णय आधीच झाला होता हे दाखवता आलं तर सगळ्यांचीच बाजू उभी राहते, पण दाखवायला काही नाही. आणि मग म्हणाली, "सुखदेवनं तौरांगा का नाकारलं, ते मी पुन्हा पुन्हा विचारलं. कुणी भरवसा दिला होता का? तो म्हणतो, नाही, मुलीच्या शाळेसाठी नाकारलं, कुणाला विचारलंच नव्हतं. त्याला खोटं बोलता येत नाही. पण हलत नाही. बायको शेजारी होती, ती टेबलाकडं बघत बसली, काही बोलली नाही." लता, ते ऐकून मी गाडीतून उतरले. भाऊंनी माझं नाव गाळलं. माझी इथं दुसरी रोजीरोटी नाही, दुभाष्याचं नाव एकदा गेलं की त्याला कुणी कामावर बसवत नाही, असाच विचार त्यांनी केला असणार. स्वतःचा दावा त्यासाठी लंगडा केला. आणि तू, मला दारात उभं न करणारी तू, ते ऐकत गप्प राहिलीस. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या सोसल्या असत्या. हे मला सोसत नाही. मी हिनेमोआला परत फोन केला आणि सांगितलं की मंगळवारी मी येते. खोलीत काय ठरलं ते सांगेन आणि डेकवर भाऊंनी काय विचारलं, मी काय म्हणाले, तेही सांगेन. त्यांच्या वकिलीणबाईंनी मला नीट समजावलं की माझ्यामागून भाऊंना विचारलं जाईल, हे खरं का. त्यांनी मला वाचवायला पुन्हा नाही म्हटलं तर माझा शब्द खोटा ठरेल आणि बाकीच्या सगळ्यांचं नुकसान होईल. म्हणून हे पत्र आज कुरियरनं पाठवते, सोमवारी तुला मिळेल. मला माफ कर असं मी मागत नाही, ते मागायची ही वेळ नाही. मंगळवारी माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त सोमवारी भाऊ कामावरून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, की त्यांना सांग, ताईनं निरोप पाठवलाय, आता तिच्यासाठी खोटं बोलायचं नाही. माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील.

अजूनही तुझीच म्हणवून घ्यावंसं वाटणारी,
नीलू